पंख्यातलं लुगडं

साखराबाईंची अर्धी हयात ऊसतोडीत, फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत गेली. थंडीत कोपीच्या फटी चिंध्यांनी बुजवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

हाडं थकली तसा मुलगा नाथा आईबापाला बीडला, आमच्या शेजारच्या भाड्याच्या खोलीत घेऊन आला. मोरीची भिंत सदा पाझरायची आणि घरमालक ओलीवरच रंग फासून मोकळा व्हायचा. असल्या माणसाला त्याच खोलीत एक पावसाळा कोंडावं! त्यात नाथाच्या वडलांना, बंकटरावांना दमा, ओलीनं तो बळावलेला. शेवटी नाथानंच मोरीच्या भिंतीला भोक पाडून ओल बाहेर फेकणारा पंखा बसवला, वाफ झाली की आपोआप सुरू होणारा. तो कशासाठी, हे आईला समजावायला उसंत नव्हती. दुसऱ्याच दिवशी तो उसाच्या ट्रॅक्टरवर गेला.

थंडी पडली तशी त्या भोकातून गार वारं येऊ लागलं. साखराबाईंनी जुनं लुगडं फाडून भोक गच्च बुजवलं. भिंत पुन्हा पाझरून बुरशीनं काळी पडली. संक्रांतीच्या तोंडावर बंकटराव दम्यानं गेले.

स्मशानातून येऊन नाथा आंघोळीला बसला. कढत पाण्याची वाफ मोरीत कोंडली, तरी पंखा फिरेना. पात्यांतून ओढून काढलेली ओलीगच्च चिंधी हातात घेऊन तो बाहेर आला.

साखराबाई म्हणाल्या, "तुज्या बापाला वारं बाधत व्हतं, म्हनून म्याच बुजवलं. बरं केलं ना रं?"

नाथानं चिंधी पिळून तिची घडी घातली. मग म्हणाला, "लई बरं केलं, आई."