नुसता हायड्रोजन

आज सकाळी भाताचं मिठाचं पाणी उतू गेलं आणि गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी झाली. हा मिठातल्या सोडियमचा रंग. ताऱ्यांच्या उजेडातही त्याची खूण सापडते, हे मी जन्मभर वर्गात रंगवून शिकवलं.

बायको गेली त्या आठवड्यात, दिवेलागणीला, पाच वर्षांच्या मुलीनं अंगणातून वर बोट दाखवलं. "बाबा, आत्या म्हणते, आई तो तारा झालीय. खरं?"

"तारा म्हणजे नुसता हायड्रोजन आणि हेलियम, बाळा."

तिनं बोट खाली घेतलं.

खोटं बोललो नाही, याचा तेव्हा अभिमानच वाटला. पण खरं तरी कुठे पुरतं सांगितलं? आदल्याच दिवशी नदीत सोडलेल्या अस्थींमधलं कॅल्शियम कुठल्यातरी जुन्या ताऱ्यातच घडलं होतं. आई तिथूनच आली होती, एवढं म्हटलं असतं तर शास्त्राचं काय बिघडलं असतं?

परवा फोनवर नातवानं विचारलं, "आजोबा, आजी तारा झाली का?" या वेळी उत्तर तयार होतं. पण मी तोंड उघडायच्या आत मागून मुलीचा आवाज आला, "त्यांना नको विचारूस रे. माझं विचारून झालंय."