आतोबांची चाल पाचगणीला जाते

सांगली संस्थानात गाण्यापायी वाया गेलेली माणसं पुष्कळ होती, पण आमच्या आतोबांइतकं मनापासून वाया गेलेलं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवण्यात घालवली. बोलपट आले, कंपनी बुडाली आणि आतोबा सांगलीच्या पेठेत एका शेटजींच्या वखारीत हळदीच्या पोत्यांवर देखरेख करू लागले. डोळे पोत्यांवर आणि कान भलतीकडे. जगातल्या प्रत्येक आवाजाला पट्टी असते आणि ती जाहीर करणं हे आपलं काम आहे, अशी त्यांची समजूत होती. मोटारीचा भोंगा वाजला की 'काळी दोन'. शेजारणीनं सुनेला हाक मारली की 'पांढरी पाच, आज जरा उतरलीया'. एकदा आत्यानं त्यांना हंडा आणायला धाडलं. दुकानातले सगळे हंडे टिचक्या मारून पाहून त्यांनी एक पसंत केला. तो सुरात होता, पण गळत होता. आत्या म्हणाली, "आवं, ह्यात पानी कुटं ऱ्हातंय?" तर म्हणाले, "पान्याला बादली हाय की! ह्यो सा परत कुटं घावनार?"

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आतोबांच्या डोक्यात एक चाल होती. शब्द नसलेली, तीनतालातली, नुसती वाद्यांनी वाजवायची. ती आठ-दहा फिडलींवर एकदम वाजलेली ऐकायची, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यभर धरली होती. कंपनीच्या मालकांनी तिला कधी थारा दिला नाही. कोणी गात नसलं की प्रेक्षक विड्या ओढायला बाहेर जातात, असं त्यांचं मत होतं. मग आतोबांनी वखारीतल्या हमालांवर प्रयोग केले. एकाला म्हणायचे, "तू सा धर", दुसऱ्याला, "तू पंचम सोडू नगंस". पाठीवर पोतं असताना सा धरवत नाही, ही तक्रार अखेर शेटजींपर्यंत गेली. घरी आम्ही होतोच. ते डोळे मिटून चाल गुणगुणायचे आणि मधेच बोट वर करून म्हणायचे, "हितं फिडली चढत्यात बग!" आम्ही सगळे मुकाट्यानं आढ्याकडे पाहायचो. चाल मात्र सुरेख होती. मला ती फार आवडायची.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्यात इंग्रजीचा मास्तर होतो. मे महिन्यात एके सकाळी आतोबा वळकटी घेऊन दारात उभे. शेटजींचा मुलगा पाचगणीच्या शाळेत होता, त्याच्याकडून त्यांना बातमी लागली होती. लढाईमुळं युरोपातून इकडं आलेले एक संगीताचे मास्तर सुटीत तिथल्या रिकाम्या शाळेत वर्ग चालवणार होते. चाली बांधणाऱ्यांसाठी, काठी हलवून वाद्यवृंद चालवणाऱ्यांसाठी आणि तिघाचौघांनी मिळून वाजवणाऱ्यांसाठी. "मग तुम्ही यातल्या कशात जाणार?" मी विचारलं. "तिनीत!" आतोबा म्हणाले. "आन् तू दुभाष्या. चल, उठ."

तिथं मुंबईचे विद्यार्थी होते, काही पारशी बायका होत्या, फौजेच्या बँडमधला एक गोवेकर होता. या सगळ्यांत धोतर नेसलेले, पेटी घेऊन बसलेले आतोबा एकटेच. चौघांनी मिळून वाजवायला बसवलं, की दुसऱ्याची जागा आवडली म्हणून हे वाजवणं थांबवून "वा! पुन्यांदा!" म्हणायचे. स्वतःची पाळी आली की कागदावरचं संपलं तरी यांचं संपायचं नाही. बाकीचे तिघं वाजवून मोकळे होऊन फिडली खोक्यांत ठेवायचे, तरी आतोबा समेच्या वाटेवरच असायचे. त्यांच्या वतीनं माफी मागून मागून माझं इंग्रजी सुधारलं, पण मी पुरता हताश झालो. मास्तर मात्र सोशिक. त्यांनी आतोबांना काठी धरायला शिकवली. गोवेकरानं आतोबांकडून चाल पुन्हा पुन्हा गाऊन घेतली आणि विलायती स्वरलिपीत उतरवली. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर आतोबांनी स्वतः ती वाजवून घ्यायची, असं ठरलं.

तो दिवस उजाडला. आतोबांनी फेटा बांधला होता. काठी उचलली, फिडली सुरू झाल्या आणि पहिल्याच आवर्तनात त्यांचे डोळे भरून आले. काठी केव्हा खाली पडली, त्यांना कळलंच नाही. ते हातावर ताल धरू लागले. आता आपल्या तालात टाळी असते तशी खालीही असते; तिथं टाळी न देता तळहात उताणा करून बाजूला फेकायचा. वाजवणं काही थांबत नाही. पण समोरचे लोक हाताच्या खुणेवर वाजवणारे. हात बाजूला गेलेला दिसला की सगळे गप्प! टाळी आली की पुन्हा सुरू. खाली आली की पुन्हा गप्प. "आरं, थांबू नगा! खाली हाय ती!" आतोबा कळवळून ओरडले. खालीला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला काही सुचेना. मग त्यांनी डाव्या हातानं उजवा घट्ट धरला. तरी खालीपाशी तो सुटलाच. जन्मभराची सवय, हात तरी काय करणार! मागं कोणीतरी हसलं. मला रडू येत होतं.

मास्तर पुढं आले. त्यांनी आतोबांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः काठी घेतली. चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. एकही सूर चुकला नाही. फक्त खालीपाशी ती जरा हलकी व्हायची, श्वास घेतल्यासारखी, तेवढं होत नव्हतं. सगळीकडे सारखंच वजन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आतोबांनीही वाजवल्या.

परतताना मोटार पसरणीचा घाट उतरून वाईपाशी आली. आतोबा म्हणाले, "लय झ्याक वाजवली. कुनाची चाल हुती रं ती?" मला थट्टा वाटली. तोंडाकडे पाहिलं, तर थट्टा नव्हती. "माजी धराया जातोय," ते म्हणाले, "तर तीच वाजतीया डोस्क्यात. माजी कुटं गेली, कळंना."

दिवाळीला मी सांगलीला गेलो. फराळ झाल्यावर आतोबा माझ्याजवळ सरकून बसले आणि हळूच म्हणाले, "तू लय डाव ऐकलीस गड्या. तुला तरी येती का?" मला वाटलं, येते. आढ्याकडे पाहत मी मोठ्या हौसेनं सुरू केली. दुसऱ्या ओळीलाच माझ्या ध्यानात आलं, की मी पाचगणीचीच म्हणतोय. थांबायचा धीर होईना. आतोबांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ग्वाड गळा हाय तुजा." मग आत्याला त्यांनी चहा टाकायला सांगितलं.