गोठ्यातली चौकट

बांधकामाचा गुत्तेदार बोलका असावा की मुका, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आमच्या अप्पांना पडला होता. रझाकारीच्या दिवसांत माझ्या या वडिलांना घरामागे गोठा बांधून घ्यायचा होता, आणि गोठ्याच्या आत जे बांधायचं होतं ते गावात कुणाला कळता कामा नये होतं. आमच्या बोरी गावात गवंड्यांचा दुष्काळ नव्हता. पण बोरीतल्या गवंड्याला सांगणं म्हणजे आठवडी बाजारात दवंडी पिटणं. म्हणून अप्पा मालाच्या निमित्तानं थेट सोनपेठला गेले आणि तिकडचा एक मिस्त्री ठरवून आले. शोधायला गेले होते मुका, आणला तो असा की झोपेतही बोलायचा.

आम्ही लिंगायत वाणी. पुढे दुकान, मागे घर, त्यामागे परस. हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो माझा काका, अप्पांचा धाकटा भाऊ. तो सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात जाऊन निजामाविरुद्धच्या कॅम्पात सामील झाला होता. एक नाका जाळताना त्याच्या पायात गोळी घुसली आणि सोबत्यांनी त्याला कडब्याच्या गाडीत झाकून घरी आणून टाकलं. गोळी निघाली, पण पाय जमिनीला टेकवता येत नव्हता. पळता येत नाही, आणि घरात सापडला तर जिवंत राहणार नाही, एवढं मला त्या वयातही कळत होतं. आईचा तर जीवच त्याच्यात अडकलेला. ती लग्न होऊन आली तेव्हा काका आईविना वाढणारं चड्डीतलं पोर होतं. तिनं आधी त्याला वाढवलं, मग आम्हाला.

गोठ्याची युक्ती अप्पांची. मागच्या भिंतीच्या अलीकडे, माणूस पाय पसरून झोपेल एवढी जागा सोडून, दुसरी भिंत घालायची. तिला गव्हाणीच्या मागे एक बुटकं दार, आणि दाराची फळी वरून शेणामातीनं अशी लिंपायची की दार कुठलं आणि भिंत कुठली हे म्हशीलाही कळू नये. मिस्त्रीला त्यांनी सांगितलं, "दाणे आन् दागिने ठिवायचेत. दिवस वाईट हायती."

मिस्त्री जागा बघून हसला. "आप्पा, दाण्याला उसासा घ्यायला झरोका लागत न्हाई, आन् तुमी तर झरोका मागायलात. जाऊ द्या. म्या काय इचारलं न्हाई, तुमी काय सांगितलं न्हाई."

त्या दिवशी अप्पांना रात्रीचं जेवण गेलं नाही. मला मात्र तो माणूस आवडला. त्याची बायको गारा कालवायची, तो भिंत रचायचा, आणि दोघांचं तोंड हाताच्या बरोबरीनं चालायचं. आपण बांधलेल्या प्रत्येक घराची तो अशी तारीफ करायचा, जणू लेकी चांगल्या घरी दिल्या होत्या. बढाईखोर होता, पण काम चोख. गावातले लोक येऊन बसायचे, तंबाखू मळायचे, गप्पा हाणायचे. आतली भिंत उभी राहायच्या आधी अप्पांनी कडब्याच्या पेंढ्यांची अशी आडभिंत रचली की येणाऱ्याला नुसता गोठाच दिसावा.

सगळं सुरळीत चाललं आणि चौकटीपाशी अडलं. आमच्याकडे चौकट बसवायची म्हणजे हळदकुंकू, नारळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गूळखोबरं, आणि मिस्त्रीला पागोटं. गोठ्याच्या पुढच्या चौकटीला हे सगळं थाटात झालं. आतल्या चौकटीची वेळ आली तेव्हा अप्पा म्हणाले, "हिला काय नगं. ही चौकट न्हाईच. भिंत हाय."

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. तो म्हणाला, "तुमच्यासाठी भिंत आसंल, आप्पा. म्या चौकट बसवायलोय. पूजेबिगर बसविलेली चौकट माणूस खाती. दुसरा मिस्त्री बघा."

दुसरा मिस्त्री आता कुठून आणायचा? अप्पा चिडले, हात जोडले, पुन्हा चिडले. मिस्त्री ढिम्म. शेवटी आई पुढे झाली. उगवतीच्या आधी तिनं एकटीनं येऊन त्या चौकटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला नाही, नुसता ओवाळून ठेवला. मिस्त्री खूश झाला. पागोट्याचं काय, म्हणून त्यानं लगेच विचारलं. एका गोठ्याची दोन पागोटी कशी बांधणार? अप्पा म्हणाले, "हे दिवस सरू द्या. दुसरं पागोटं तुमाला भर बाजारात बांधतो. माजा शब्द हाय."

"बांधून घ्याला यीन बरं का," असं म्हणून तो बायकोसह सोनपेठला निघून गेला.

काका त्या खोलीत राहायला गेला. सकाळ-संध्याकाळ मी म्हशीला आंबोण घेऊन जायची आणि टोपलीत तळाशी त्याची भाकरी असायची. आईही यायची. गव्हाणीशी वाकून ती म्हशीशी बोलल्यासारखं त्याच्याशी बोलायची. काकाला देवाधर्माचं वावडं नव्हतं, पण आईची खोडी काढल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागत नसे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आई दर सोमवारी न्हाऊन, भस्म कालवून, घरातल्या प्रत्येक दारावर तीन बोटांचे पट्टे ओढायची. दुकानाचं दार, माजघराचं, सैपाकघराचं, न्हाणीचं, गोठ्याचं. दारावर शिवाची खूण असली की वाईट ते उंबऱ्याबाहेर राहतं, असा तिचा भरवसा. गावातले लोक चेष्टेनं म्हणत, या वाण्याच्या घराला दारं किती ते बघू नका, पट्टे मोजा.

एका सोमवारी काका फळीमागून म्हणाला, "वैनी, समद्या दाराला भस्म लावलंस. माज्या दाराला न्हाई. तुज्या महादेवाला कसं कळावं, हितं बी कुणी राहतंय म्हणून?"

आई हसली. "गप खा."

मीही हसले. तेवढ्यावर ते संपलं असं मला वाटलं.

उन्हाळा लागला. आसपासच्या गावांतून वाईट बातम्या येत होत्या. कुठे घरं जाळली, कुठे माणसं नेली. दुकान अर्धा दिवस उघडं असायचं आणि अप्पा गिऱ्हाइकाकडे कमी, रस्त्याकडे जास्त बघायचे. मग एका सोमवारी सकाळी रझाकार आले. काही खाकी कपड्यांतले, काहींच्या हातात भाले, दोघांकडे बंदुका. दुकानातल्या गोण्या फाडल्या, गूळ पायदळी तुडवला, माजघरातली उतरंड पाडली. कडब्याच्या गंजीत भाले खुपसले. अप्पांच्या पाठीत बंदुकीचा दस्ता बसला तरी ते एकच बोलत होते, "त्यो वऱ्हाडात हाय, मला काय ठावं न्हाई."

मग गोठा. मी आईच्या पदराला धरून दारात उभी होते. त्यांनी भिंतींवर भाल्यांचे दांडे आपटले, छपराकडे बघितलं, म्हशीला शिव्या घातल्या. मिस्त्रीचं काम खरंच असं होतं की पोकळ आवाज आला नाही. ते वळले. निघालेच होते. त्यांच्यात आमच्याच बाजारातला एक माणूस होता, वर्षानुवर्षं आमच्या दुकानातून उधार नेलेला, दिवाळीला आमच्या ओट्यावर बसून फराळ केलेला. तो जरा रेंगाळला. गव्हाणीच्या मागे, म्हशीच्या शिंगांमागच्या अंधारात, तो वाकून बघत राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "भिंतीला कवापासनं भस्म लावायलात?"

मी बघितलं. फळीच्या वर तीन पांढरे पट्टे होते. त्याच दिवशीचे, पुरते वाळलेलेही नव्हते. माझ्या हातातला आईचा पदर सुटला, कारण ती खाली बसली होती.

काकाला त्यांनी ओढत नेलं. एका पायावर उड्या मारत तो गेला, आणि जाताना आईकडे वळून बघत होता, काहीतरी बोलतही होता, पण गलक्यात ऐकू आलं नाही. ओढ्यापलीकडे बंदुकीचा आवाज झाला. मढं दुसऱ्या दिवशी उचलू दिलं. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. काका ताठरला होता. चौघांनी जोर लावला, पण त्याला बसवता आलं नाही. जंगमस्वामी म्हणाले, आडवाच द्या, शिवाला चालतं. शिवाला चालत असेल. आईला ते जन्मभर चाललं नाही.

त्या लोकांना खोलीचा पत्ता लागला कसा, असं गाव विचारू लागलं. अप्पा म्हणाले, "कुणीतरी फोडलं." एवढंच. आईला वाचवायला त्यांनी ते म्हटलं होतं, हे मला आज कळतं. पण तोंडातून निघालेला शब्द आपल्या पायानं चालतो. कुणीतरी म्हणजे कोण? खोली ठाऊक होती ती बांधणाऱ्याला. तो परका, वर तोंडाचा फाटका. झालं, मिस्त्रीनं फितुरी केली हे बोरीत पोराटोरांनाही पाठ झालं. अप्पांनी ते खोडलं नाही. आई तर बोलतच नव्हती.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, लोकांनी गूळ वाटला. आमच्या घरी कुणी तोंड गोड केलं नाही. दिवाळीनंतरच्या एका बाजाराला, धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन, मिस्त्री आमच्या दुकानासमोर उभा राहिला. लांबच्या माणसाला काहीच कळलेलं नव्हतं. खणखणीत आवाजात म्हणाला, "आप्पा, दिवस सरले बगा! पागोटं काढा!"

पुढचं शहाण्या माणसानं बघू नये. बाजार त्याच्यावर तुटून पडला. नारळ घरंगळत गटारात गेला. कुणी त्याच्या कानशिलात मारली, कुणी बैलगाडीच्या जुवाची लाकडी शिवळ उपसून आणली. तो ओरडत होता, "आरं म्या काय केलं? काय केलं म्या?" अप्पा गादीवरून उठले, आणि उभेच राहिले. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला. अजूनही येतो.

मग आतलं दार वाजलं. माझी आई कधीही दुकानाच्या ओट्यावर आली नव्हती. आमच्या घरची बाई बाजाराला तोंड दाखवत नसे. ती ओट्याच्या कडेपर्यंत आली. डोक्यावरचा पदरही नीट नव्हता.

"सोडा त्येला," ती म्हणाली. "त्यानं न्हाई दाखविलं. म्या दाखविलं. म्या भस्म लावलं दाराला."

शिवळ उगारलेला हात खाली आला.

मिस्त्रीच्या ओठातून रक्त येत होतं. त्यानं दार बघायला मागितलं. गोठ्यात गव्हाणीमागे वाकून तो बराच वेळ बघत होता. पट्टे तसेच होते; आईनं ते कुणाला पुसू दिले नव्हते. सरळ झाला तेव्हा त्याचा बोलका चेहरा पार उतरला होता.

"आक्का, चौकटीची पूजा करा म्हणून म्याच आडून बसलो व्हतो," तो म्हणाला. "नसतो बसलो, तर तुमच्या हिशेबी ती भिंतच राहिली असती."

आईनं आतून पागोटं आणून अप्पांच्या हातात दिलं. अप्पा तिथंच, गोठ्यात, बांधू लागले.

"हितं न्हाई," आई म्हणाली. "भर बाजारात. तसा शब्द व्हता तुमचा."

अप्पांनी भर बाजारात, मारणाऱ्या लोकांसमोर, मिस्त्रीला पागोटं बांधलं. त्यानं ते बांधून घेतलं आणि एक शब्द न बोलता सोनपेठची वाट धरली.

त्यानंतर आमच्या एकाही दाराला भस्म लागलं नाही. शेजारणी कुजबुजत, बाईची श्रद्धा उडाली. कसली उडतेय? आई रोज लिंगपूजा करायची, कपाळाला भस्म लावायची, आम्हालाही लावायची. सोमवारी वाटीत उरलेलं भस्म ती तुळशीत ओतायची आणि बोटं पदराला घासघासून पुसायची. लाल होईपर्यंत पुसायची.