आर्गॉनमधल्या रेघा

मी जन्माची उतावळी. कुकर निवायच्या आधी झाकणाशी झटापट करणारी. अशा मुलीने चेन्नईत येऊन लेसरवर पीएचडी करावी, हा सल्ला कुणाचा होता कोण जाणे. माझाच असावा.

काम सांगायला सोपं. लेसरचे अतिशय छोटे, अतिशय प्रखर झोत निर्वात पेटीतल्या आर्गॉन वायूच्या फवाऱ्यावर एकवटायचे. मग मूळ प्रकाशाच्या कितीतरी पट कंपनसंख्येचा प्रकाश निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात त्याच्या रेघा उमटतात. माझ्या रेघा काही केल्या उमटत नव्हत्या. सरांनी सांगून टाकलं होतं, आज संध्याकाळपर्यंत दिसल्या नाहीत तर विषय बदलायचा. उद्यापासून लेसर दुसऱ्या गटाकडे.

बाहेर मे महिन्यात आमचा अड्यार भाग घामाने निथळत होता आणि लेसरसाठी गारठवलेल्या खोलीत मी स्वेटर घालून दातओठ खात होते. आरसे हलवून झाले, वायूचा दाब वाढवून झाला, लेसरची ताकद अगदी टोकाला नेली. कॅमेऱ्याचा पडदा काळाच. माझी प्रयोगातली जोडीदारीण तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. ती शांतपणे म्हणाली, "थोडी पोरुमै ठेव गं." पोरुमै म्हणजे धीर. हा तमिळ शब्द तिच्यामुळे मला पाठ झाला होता.

"दोन वर्षं तेच करतेय!" मी ओरडले. सुरक्षेचा चष्मा आतून ओला झाला होता आणि तो काढायचीही सोय नव्हती. फार एकटं वाटलं. झोताच्या वाटेत आयरिस असते, लहान-मोठी करता येणारी गोल खिडकी. "खड्ड्यात गेला विषय," म्हणत मी ती मिटायला घेतली. निम्मी मिटली असेल, तेवढ्यात जोडीदारीण किंचाळली, "अय्यो, हात काढ!"

पडद्यावर रेघा होत्या. फणीच्या दातांसारख्या, एकीशेजारी एक. एवढा प्रकाश ओतून वायूतले इलेक्ट्रॉन मीच पार उधळून लावत होते आणि त्यामुळेच रेघा उमटत नव्हत्या, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

सर धावत आले. पडद्यावरच्या रेघा त्यांनी बोटाने मोजल्या. मग म्हणाले, "हाच विषय चालू ठेव. पण प्रकाश कमी करायचं सुचलं कसं?"

"चिडून," मी म्हणाले. हात मात्र पाठीमागे घट्ट धरले होते, पुन्हा कशाला लागू नयेत म्हणून.