अन्नाला वास येतो म्हणाला

“घे मेल्या, पी.”

रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी मावशी मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायची आणि एवढं बोलायची. तुम्हाला वाटेल, बाई जाळीशी बोलते. ती आमच्या घरमालकाशी बोलायची. तो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर झोपलेला असायचा, पण मावशीचं त्यानं काही अडत नव्हतं.

हिंगोलीत बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या तळघरात आमची दोघांची दुकानं होती. तिची खानावळ, माझा फोटो स्टुडिओ, मधे एक भिंत. तळघर रस्त्याच्या गटारापेक्षा खाली, त्यामुळं सांडपाणी आधी फरशीखालच्या टाकीत साचायचं आणि मग मोटार ते वर ढकलायची. टाकीतला घाण वारा वर सोडायला गच्चीपर्यंत एक पाइप होता. मालकानं गच्चीवर हॉल बांधला आणि पाइप हॉलच्या मधोमध यायला लागला. त्यानं तो कापला, तोंडात चिंध्या कोंबल्या आणि वर लाकडी कपाट बसवलं. वरची वाट बंद झाल्यावर तो वारा आमच्या नाकात शिरला.

माझ्याकडं पासपोर्ट फोटोसाठी येणारी माणसं श्वास रोखून बसायची. त्या उन्हाळ्यातले माझे सगळे फोटो फुगलेल्या गालांचे आहेत. पण फोटो नाक दाबूनही काढता येतो. जेवण तसं जेवता येत नाही.

एकदा भर दुपारी, खानावळ भरलेली असताना, मालक नाकाला रुमाल लावून खाली आला. मावशी म्हणाली, “मालक, तेवढा पाइप बसवा. गिऱ्हाईक तुटून राहिलंय.”

मालक जेवणाऱ्यांकडं बघत म्हणाला, “पाइपाचं काय सांगती? तुझ्या अन्नालाच वास येऊन राहिला.”

दोघं जण ताटावरून उठले. संध्याकाळी भांडी घासताना मावशी पुटपुटत होती, “अन्नाला म्हनला. माझ्या अन्नाला.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मी इसरत न्हाई, फोटोवाल्या.”

ते मला ठाऊक होतं. तिच्या पुरणपोळीला एका जावेनं जाड म्हटलं होतं, तर त्या जावेच्या घरी ती पुढं कधी घोटभर पाणीही प्यायली नाही.

मावशी कामाला लागली. जाळीतलं पाणी सुकलं की वास वर येतो हे तिच्या ध्यानात आलंच होतं, म्हणून तर तो रोजचा तांब्या. आता त्या पाण्यावर ती पळीभर तेलही सोडायला लागली. “लोणच्यावर तेल ठेवतेत का न्हाई? वरून तेल असलं की खालचं खालीच ऱ्हातं.” मग तिनं पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली, कापून टाकीच्या झाकणाखाली घातली आणि मला नट आवळायला बसवलं. मी घट्ट झाले म्हणालो की ती पान्यावर स्वतः पाय देऊन उभी राहायची.

“अजून आवळ. बघू आता मुडदा कुठून निघतो.”

तळघरात फोडणीचा वास परत आला. टाकीतल्या वाऱ्याला कुठून तरी निघायचंच होतं.

हॉलची वास्तुशांत झाली. जेवण मालकानं बाहेरून मागवलं, आमंत्रण आम्हालाही दिलं. मावशी गेली नाही, मला धाडलं. “जा, आन् मला येऊन समदं सांग.”

पहिला भात वाढून झाला आणि चिंध्यांतून, कपाटातून तो वास आला. पाहुणे आधी एकमेकांकडं बघायला लागले, मग ताटाकडं. एकानं कढीची वाटी नाकाशी नेली आणि हळूच बाजूला सारली. अन्न आंबलं, अशी कुजबुज झाली. माणसं हात धुवायला उठली आणि मालक आचाऱ्यावर ओरडत सुटला. मी पोटभर जेवलो. माझं नाक तयार झालेलं होतं.

खाली येऊन सांगितलं तर मावशीचं समाधान होईना. “कढी कोनी सारली? पुन्ना सांग.”

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः खाली आला आणि टाकीचं आवळलेलं झाकण बघून म्हणाला, “झाकण जरा सैल कर, बाई.”

“अन्नाला वास नव्हता, एवढं चार लोकांत म्हना. मंग बघते.”

तो ते म्हणाला नाही. त्यापेक्षा त्यानं नवं कपाट फोडलं आणि हॉलच्या मधोमध पाइप उभा केला. वास गेला, गिऱ्हाईकही थोडंफार परतलं. मला वाटलं, जिंकलो. मावशी म्हणाली, “पाइप आला. शब्द कुठं हाय?”

पुढच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती दवाखान्यात पडली. मी घरून वरण-भाताचा डबा नेला. एक घास घेऊन तिनं मीठ कमी असल्याचं सांगितलं. मग डबा बाजूला ठेवून हळू आवाजात विचारलं, “फोटोवाल्या, खरं सांग. येत होता का रं वास? माझ्या अन्नाला?”

मी नाही म्हणालो. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिचा विश्वास बसलेला नव्हता. आयुष्यभर लोकांना जेवू घातलेल्या बाईच्या मनात त्या माणसानं ही शंका घालून ठेवली होती. तेव्हा मला त्याचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

सेनगावजवळच्या तिच्या गावी तेरावं होतं. नगरपालिकेची निवडणूक जवळ आलेली, त्यामुळं मालकही पांढरे कपडे घालून आला आणि पंगतीत बसला. वरणाची बादली माझ्या हातात होती. त्याच्या ताटापुढं मी थांबलो.

“मालक, मावशीच्या अन्नाला वास येत होता का?”

“आता हे इथं काहून काढलं?”

“इथंच सांगा.”

आजूबाजूचे हात थांबले. तो खालच्या आवाजात म्हणाला, “न्हवता.”

“मोठ्यानं. शेवटच्या माणसाला आयकू जाऊ द्या.”

“न्हवता येत वास! अन्न चांगलं होतं तिचं!”

मी त्याला एक पळी वरण वाढलं. मान खाली घालून त्यानं भात संपवला, आणखी भात घेतला आणि मला पुन्हा हाक मारली, “वरण.”

“संपलं,” मी म्हणालो.

पंगतीत बसलेल्याला कोरडं ठेवलं तर पाप लागतं म्हणतात. लागू दे. अर्धी भरलेली बादली घेऊन मी त्याच्या शेजारच्याला वाढायला लागलो.