दारावरच्या चहाची कुपनं

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर परत हिंमत व्हायची नाही!

मी तेव्हा दहा वर्षांची. आम्ही जळगावात, वडील कापसाच्या जिनात कामाला. चहाच्या छटाकभर पुड्यावर एक कुपन छापलेलं असायचं. वीस कुपनं नेऊन दिली की दुकानदार एक पुडा फुकट द्यायचा. आई ती कापून जपून ठेवायची. आमची अकरा झाली होती, आणि महिनाअखेर हे सगळं बंद होणार होतं. म्हणजे अकराच्या अकरा वाया!

त्याच महिन्यात शेजारचे आबा वारले. त्यांचं धरणगावच्या भाऊबंदांशी शेताच्या बांधावरून वाकडं होतं, येणंजाणं बंद. अक्का, म्हणजे आबांची बायको, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. एकच विचारायची, "दारवर कोनी उनं का वं?" दारावर, म्हणजे सांत्वनाला, कोणी आलं का.

आई सांगायची, धरणगावचे आले, पारोळ्याचे आले, ओटा पुरत नाही बसायला. अक्का म्हणायची, "मन राखाले सांगस तू."

त्यांची चूल बंद. म्हणून दारावर येणाऱ्यांचा बिनदुधाचा चहा आमच्याच चुलीवर व्हायचा. पुडे अक्काच्या भावानं आणून दिलेले. रिकामा झाला की आई कोपऱ्यात टाकायची. आणि मी? मी कात्री घेऊन बसले! नऊ निघाली. अकरा आणि नऊ, वीस! पळत दुकानात, पळत परत.

"आई, फुकट पुडा!"

आईनं पुड्याकडे पाहिलं, मग कापलेल्या कागदांकडे.

"मयताच्या चहाची कुपनं कापलीस? आपलं घर भरायला?"

"तू टाकूनच देणार होतीस ना..."

"जा. अक्काच्या हातात दे. आणि कुठून आला तेही सांग."

गेले. पुडा पुढे धरला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या. पण अक्कानं मान वळवली.

"किती निघनात म्हने?"

"नऊ."

"नऊ पुडा सरनात? कप भरी भरी दिधा का?"

"नाही. अर्धा अर्धाच. तरी कपबशा कमी पडल्या, आम्ही शेजारून आणल्या."

ती बोटांवर मोजायला लागली. ओठ हलत होते.

"मंग ते बठ्ठा उनात वं माय," म्हणजे सगळे आले तर, एवढं म्हणाली आणि मोठ्यानं रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आई धावत आली, तिला वाटलं मीच काहीतरी बोलले!

पुडा अक्कानं माझ्याच हातात परत कोंबला. "ली जाय, तुन्ही मायले दे."

आईनं तो वापरला, दूध घालून. वडील म्हणाले, चहा छान झालाय. मी मात्र माझा कप तसाच ठेवला. अक्का खूश झाली होती की तिला आणखी दुखलं होतं, मला आजही कळत नाही.

तुमच्या बाबतीत झालंय का हो असं? चूक केलीत, आणि ज्याच्याबाबत केली त्याला त्यातूनच काहीतरी मिळालं? सांगा ना!