हिरामणच्या मनगटाचं माप

हिरामण जाधवांनी तीस वर्षं ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेचे रूळ सांभाळले. घण चालवला, रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या ठोकल्या, लोखंडी गेज लावून दोन रुळांमधलं अंतर मोजलं. निवृत्त होऊन कळंबला परतले तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं बधिर व्हायला लागली होती. जेवताना घास हातातून निसटायचा.

मनगटातली नस दबली असेल, असं डॉक्टर म्हणाले. एका ठिकाणी सोनोग्राफी केली, तर नस पंधरा चौरस मिलिमीटर निघाली, म्हणजे चांगलीच सुजलेली. पंधरा दिवसांनी दुसरीकडे केली, तर दहा, म्हणजे जवळपास ठीक.

"यातलं एक खोटं हाय," त्यांच्या पत्नी बायजाबाई म्हणाल्या. "तुमी आता कुनाचं आयकनार?"

"कुनाचंच नाय. मी इचारनार."

गेज जरा तिरकं पडलं की नीट असलेले रूळही फाकलेले दिसतात, हे ते नव्या गँगमनांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. दोन्ही रिपोर्ट घेऊन ते कर्जतला सोनोग्राफी करणाऱ्या डॉ. समिधा यांच्याकडे गेले.

"मॅडम, आकडा ऱ्हाऊ द्या. मोजायचं कुठं आनि यंत्र धरायचं कसं, ते आदी सांगा."

समिधा हसल्या नाहीत. त्यांनी मनगटाला जेल लावून पडदा हिरामणकडे वळवला. करड्या रंगात नसेचा छोटा लंबगोल दिसत होता. हातातलं यंत्र त्यांनी नसेला काटकोनात धरलं, मग मुद्दाम तिरकं केलं. लंबगोल ताणला गेला, आकडा वाढला.

"आमच्या रुळावर बी असंच व्हतं," हिरामण म्हणाले.

"जागा बदलली तरी माप बदलतं, काका. मनगटाच्या घडीवर एक, बोटभर वर दुसरं. या रिपोर्टांत जागा लिहिलेलीच नाही."

त्यांनी घडीवर पेनाने खूण करून तीनदा मोजलं. बारा, बारा, साडेअकरा.

"आता दुसऱ्या कुनाला मोजू द्या. तुमचा आकडा त्यांना सांगू नका."

समिधांनी सहकारी डॉक्टर जगदीश यांना बोलावलं. त्यांनी खुणेवर मोजलं. बारा.

"आता मानलं," हिरामण म्हणाले.

नुसत्या मापावर समिधा थांबल्या नाहीत. बोटांना कापूस लावून स्पर्श कळतो का ते पाहिलं, नसेची विजेची तपासणी करवली. नस दबली होती, पण शस्त्रक्रियेची घाई नव्हती. झोपताना मनगटाला पट्टा बांधायचा, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं.

तीन महिन्यांनी त्याच घडीवर, समिधांच्याच हातून माप आलं साडेदहा. बोटांचा बधिरपणाही बराच कमी झाला होता.

"फरक खरा असेल का, काका? तुम्हाला काय वाटतं?" समिधांनी विचारलं.

"अर्धा इकडंतिकडं व्हतोच, तो आपन बगितला. दीड नाय व्हत."

समिधांनी मान डोलावली आणि रिपोर्टावर मापाची जागा ठळक अक्षरांत लिहिली. हिरामणनी तो वाचून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि कळंबची गाडी पकडायला निघाले.